आधी कुणाला सोडायचं

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी नेटवर्कचं काम बघते, तिथल्या हृदयाच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर एका दुपारी माझ्या टेबलापाशी आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. त्या कधी बसत नसत. काही तक्रार असली तर दारातूनच सांगून जायच्या. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं.

"मॅडम, आज माझ्या हातून माणूस गेला असता," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. एका पेशंटचा बीपी खाली येत होता म्हणून सिस्टरनी नव्या इमारतीतल्या डॉक्टरांना वॉर्डातल्या फोनवरून विचारलं, दुपारचं इंजेक्शन देऊ का. डॉक्टर म्हणाले, "आत्ता देऊ नका." सिस्टरना ऐकू आलं, "आत्ता दे". मग खरखर, मग नुसती शांतता. त्यांनी इंजेक्शन भरलं. पेशंटच्या उशाशी गेल्या आणि का कोण जाणे, परत फिरल्या. पुन्हा फोन लावला. पुन्हा तुटक. शेवटी त्यांनी वॉर्डबॉयला गल्लीपलीकडच्या त्या इमारतीत पिटाळलं, आणि तो डॉक्टरांचा निरोप घेऊन आला.

"तीस वर्षं नोकरी झाली माझी," सिस्टर म्हणाल्या. "आज पहिल्यांदा मला माझ्या कानांची भीती वाटली."

फोन तुटतात ही तक्रार माझ्याकडे महिनाभर येत होती आणि तिच्यावर काम चालूही होतं. पण माझ्या लेखी तोवर ती एक तांत्रिक अडचण होती. आता तिला एक सुई होती आणि एका पेशंटचा दंड.

आमच्या हॉस्पिटलच्या दोन इमारती आहेत. एक जुनी, एक नवी, मधे अरुंद गल्ली. दोन्हींना जोडणारी केबल त्या गल्लीखालून जाते. ती जुनी आहे आणि तिची ताकद बेताची. नवी टाकायची तर गल्ली खोदायला परवानगी हवी, आणि ती कधी मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. तोपर्यंत सगळं त्या एकाच वाटेनं जायचं: वॉर्डातले फोन, पेशंटच्या छातीवरच्या तारांमधून येणारी ठोक्यांची रेघ, एमआरआयची अवाढव्य चित्रं, बिलं, नातेवाइकांचं फुकटचं वायफाय. दुपारी ओपीडी भरली की स्कॅनची चित्रं धाडधाड निघायची आणि फोनवरचं बोलणं त्यांच्यामागे अडकायचं. चित्र थोडं उशिरा पोचलं तरी चित्रच राहतं. बोलण्याचा तुकडा उशिरा पोचला तर त्याचा उपयोग नसतो, फोन तो टाकूनच देतो. "नका" हा शब्द असाच कुठेतरी पडला होता.

उपाय ठाऊक होता. दोन्ही इमारतींतल्या राउटरना शिकवायचं की येणारी प्रत्येक गोष्ट ओळख, तिची जात ठरव आणि तिला तिच्या रांगेत उभं कर. वाट भरली की पहिल्या रांगेला आधी सोड. सांगायला सोपं आहे. कुणाला कुठल्या रांगेत घालायचं हे मात्र राउटर ठरवत नाही.

त्यासाठी सुपरिंटेंडंट डॉक्टरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर शांत बोलणारे, वयानं मोठे. एक्सरेवाल्यांचं म्हणणं पडलं की स्कॅन अडला तर ऑपरेशन अडतं. अकाउंटवाले म्हणाले, डिस्चार्ज अडला तर बेड अडतो. सगळं खरंच होतं. सर शेवटी माझ्याकडे वळले.

"फोन आणि मॉनिटर पहिल्या रांगेत. दोन्ही एकत्र. मग स्कॅन, मग बाकी सगळं. नातेवाइकांचं वायफाय शेवटी. चालेल?"

मॉनिटरना वेगळी रांग द्यावी असं मला वाटत होतं. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "दोन्ही जिवाशीच संबंधित आहेत ना? मग वर-खाली कशाला?" मी वहीत तसंच लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात बाबांना चक्कर आली.

बाबा लालबागच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. कोळणीच्या पाटीसमोर उभे असताना खाली बसले आणि तसेच कलंडले. बाजारातल्या माणसांनी त्यांना टॅक्सीत घातलं. खिशातल्या फोनवर माझा नंबर सर्वांत वर होता, तो त्यांनी लावला, आणि मी सांगितल्यावरून बाबांना माझ्याच हॉस्पिटलात आणलं. आम्ही घोडपदेवला राहतो, तसंही तेच जवळचं. बाबांनी आयुष्यभर गिरगावातल्या एका छापखान्यात मशीन चालवलं. कधी साधी सर्दी झाली म्हणून सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ते कॅज्युअल्टीच्या खाटेवर पडून छताकडे बघत होते, आणि त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मधेच मंदावतात. पेसमेकर बसवावा लागेल का ते दोन दिवस बघून ठरवू. तोपर्यंत एकट्यानं उठायचं नाही. बाबांना जुन्या इमारतीत, त्याच सिस्टरांच्या वॉर्डात हलवलं. छातीला तारा लावल्या. त्यांच्या ठोक्यांची रेघ गल्लीखालून नव्या इमारतीतल्या मॉनिटरिंग रूममध्ये जायला लागली, जिथे वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या रेघा एका मोठ्या पडद्यावर दिसतात.

मी दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, रांगांचं काम पुढच्या आठवड्यात करू या का?"

सरांनी चष्मा काढला. "तुमचे वडील तिथे आहेत म्हणून?"

मी मान हलवली.

"तुमचे वडील तिथे आहेत, आणि तिथला फोन तुटतोय," ते म्हणाले. "थांबायचं की लवकर करायचं ते तुम्हीच सांगा."

बाहेर सिस्टर भेटल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "करून टाका," त्या म्हणाल्या. "मी स्वतः मॉनिटरिंग रूममध्ये तुमच्या शेजारी बसते. वॉर्डात दुसरी सिस्टर आहे. मला रोज तो फोन उचलायला नको झालंय."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्दळ कमी असताना, मी एक चाचणी घेतली. सगळं नीट चाललं. फोनवर सिस्टरांचा श्वास ऐकू येत होता, इतका स्वच्छ. मी चाचणी बंद केली, जेवणाच्या सुट्टीत बाबांकडे जाऊन आले. ते पेज पीत होते. "काम कर जा तुझा," गावाकडच्या बोलीत म्हणाले. "मी हंय बसलंय."

दुपारी मॉनिटरिंग रूममध्ये लॅपटॉप उघडून मी दोन्ही राउटरवर नव्या रांगा लावल्या. सिस्टर बाजूला बसल्या होत्या. पडद्यावर हिरव्या रेघा डोंगरासारख्या वर-खाली होत चालल्या होत्या. माझी नजर सारखी बाबांच्या रेघेवर जायची. त्यांचे डोंगर इतरांपेक्षा लांब-लांब होते. मधली सपाट जागा जरा वाढली की पुढचा डोंगर येईपर्यंत मी टाइप करायची थांबायचे. सिस्टरांनी वॉर्डात फोन लावला. पलीकडची सिस्टर बोलत होती ते मला शेजारी बसूनही ऐकू आलं. स्कॅनची चित्रं त्याच वेळी जात होती, तरीही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

मग भेटीची वेळ झाली.

आधी फोन गेला. सिस्टर बोलता-बोलता थांबल्या, "हॅलो, हॅलो" करू लागल्या. मग पडद्यावरची एक रेघ अडखळली, तुटली, आणि तिच्या जागी "सिग्नल नाही" असं आलं. मग तिच्या शेजारची. मग खालची सगळी ओळ. बाबांची त्यातच होती. मग पडदाभर तेच.

"हे काय झालं?" सिस्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता. त्यांनी टेबलाची कड धरलेली मला दिसली.

"नेटवर्क आहे," मी म्हटलं. "पेशंटना काही झालेलं नाही. माझ्या रांगांमुळे झालंय."

हे मला खरंच ठाऊक होतं. एका वेळी सगळ्या खाटांवरची माणसं जात नसतात. उशाशी लावलेलं मॉनिटर चालूच असतं, तिथला भोंगाही वाजतो, फक्त इथे दिसत नाही. हे सगळं मी मनात म्हणत होते आणि माझी बोटं चुकीची अक्षरं दाबत होती. रांगा काढून टाकायची आज्ञा मी झोपेतसुद्धा देऊ शकते. ती मला तीनदा लिहावी लागली.

रेघा परत आल्या. एक, मग दुसरी, मग भराभर. सिस्टरांनी श्वास सोडला. मी पडद्यावर खालच्या ओळीत बघत होते.

बाबांची रेघ आली नव्हती.

"येईल," सिस्टर म्हणाल्या. "थांबा जरा. एखादं मशीन उशिरा धरतं."

आम्ही थांबलो. किती ते मला सांगता येणार नाही. पडद्यावर बाकी सगळीकडे डोंगर चालू होते आणि एका चौकोनात ती दोन शब्दांची ओळ स्थिर होती. मी स्वतःला समजावत होते की हेही नेटवर्कच आहे, तूच केलं आहेस, तुला कारण माहीत आहे. आणि तेव्हाच मला लक्षात आलं की कारण माहीत असल्यामुळेच मी बसून आहे. रांगा लावल्या नसत्या आणि ही एकच रेघ गेली असती, तर सिस्टर एव्हाना उठून धावल्या असत्या. सगळ्या एकदम गेल्यामुळे आम्हाला ही वेगळी वाटत नव्हती.

मी उठले. लॅपटॉप तसाच उघडा टाकून जिना उतरले. गल्लीत भेटायला येणाऱ्यांची गर्दी, शहाळीवाला, आडवी लावलेली स्कूटर. मी लोकांना ढकललं असणार. जुन्या इमारतीचे जिने उंच आहेत, लाकडी कठड्याचे. वर पोचेपर्यंत माझ्या स्वतःच्या छातीत इतकं धडधडत होतं की वॉर्डातला भोंगा मला आधी ऐकूच आला नाही.

भोंगा वाजत होता. बाबांच्या खाटेचाच. पण तार सुटली की वाजतो तो बारीक, कंटाळवाणा भोंगा, जो त्या वॉर्डात दिवसभर कुठे ना कुठे वाजत असतो आणि ज्यानं कुणी दचकत नाही. तिथली सिस्टर पलीकडच्या टोकाला एका म्हातारीला सलाईन लावत होती. बाबांची खाट रिकामी होती. चादर बाजूला केलेली, तारा उशीवर नीट गोळा करून ठेवलेल्या.

मी शेजारच्या पेशंटला विचारलं. त्यानं बाथरूमकडे हात केला.

दार आतून बंद होतं. आत नळ चालू होता.

"बाबा," मी हाक मारली. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.

"कोण गो?" आतून आवाज आला. बारीक, खालून आल्यासारखा.

"मी आहे. दार उघडा."

"उघडूक जमणा नाय," बाबा म्हणाले. "माका गरगरता हा. मी खाली बसलंय. तू भियाव नको."

माझ्यामागून धावत आलेल्या इन्चार्ज सिस्टरांनी मला बाजूला केलं. त्यांनी वॉर्डबॉयला बोलावलं, त्यानं खांद्यानं दोन धक्के दिले आणि कडी निघाली. बाबा नळाखाली भिंतीला टेकून बसले होते. एका हातानं नळ धरलेला, तोंड पांढरंफटक, गंजी छातीवर भिजलेली. सिस्टरांनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. त्या मोजत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मला अजून कधीकधी दिसतो.

"स्ट्रेचर," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तर धावत जा."

फोन लागला. रांगा काढलेल्या होत्या, तरी त्या वेळी लागला. डॉक्टर आले, सलाईनमधून औषध दिलं, ठोके वर यायला लागले. बाबांना आयसीयूत हलवलं आणि पेसमेकर दुसऱ्याच दिवशी बसवायचं ठरलं.

बाबा उठले होते कारण भेटीची वेळ झाली होती. मी येणार म्हणून त्यांना तोंड धुऊन, केस विंचरून बसायचं होतं. सिस्टरला हाक मारायची तर ती म्हातारीपाशी होती, "तिचा काम सोडून कित्याक येव दे," असं त्यांना वाटलं. हे त्यांनी मला संध्याकाळी सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. मग माझा हात धरून म्हणाले, "तुझ्या मशीनीत माझा दिसला ना? म्हणून इलंस ना तू?"

मी हो म्हटलं. दिसलं नव्हतं म्हणून आले, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

त्याच संध्याकाळी माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो मस्कतला असतो. ऑपरेशनच्या आधी त्याला बाबांना बघायचं होतं. आयसीयूत मोबाइलला रेंज नीट नसते, म्हणून मी फोन हॉस्पिटलच्या वायफायवर टाकला आणि आत जाऊन बाबांच्या तोंडासमोर धरला. भावाचा चेहरा मधेच गोठत होता. बाबा डोळे बारीक करून बघायचे. "झिला, दिसतंस काय?" म्हणायचे, आणि चेहरा हलला की हसायचे. मला एवढंच जाणवत होतं की आज दुपारी मी हेच शेवटच्या रांगेत टाकलं होतं. नातेवाइकांचं फुकटचं वायफाय. बैठकीत त्याच्याबद्दल कुणी एक वाक्यही बोललं नव्हतं, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑपरेशन थिएटरमध्ये असताना मी काम केलं. बाहेरच्या बाकावर नुसतं बसणं मला शक्यच नव्हतं. सर म्हणाले होते, घरी जा, दुसऱ्या कुणाला बघू दे. मी म्हटलं, मला कारण शोधू द्या. कारण सापडलं नाही तर मी पुन्हा त्या राउटरला हात लावू शकणार नाही.

ते जुन्या इमारतीच्या जिन्यांत आणि दारांवर लावलेल्या नव्या कॅमेऱ्यांत सापडलं. प्रत्येक यंत्र आपल्या माहितीवर एक खूण लावून पाठवतं, मी अमुक प्रकारची आहे अशी. फोनवर आवाजाची खूण असते, आणि राउटर ती खूण बघून पहिल्या रांगेत घालत होते. या कॅमेऱ्यांनीही आपल्या चित्रांवर तीच खूण लावली होती. समोर हालचाल झाली तरच ते चित्र पाठवायचे, म्हणून सकाळच्या चाचणीत गप्प होते. भेटीची वेळ झाली, माणसं जिन्यावरून चढू लागली, आणि सगळे कॅमेरे एकदम पहिल्या रांगेत शिरले. पहिल्या रांगेला मर्यादा असते, नाहीतर ती बाकी कुणाला जाऊच देणार नाही. मर्यादा भरल्यावर जे टाकलं गेलं, त्यात फोन होते आणि रेघा होत्या.

कॅमेरेवाल्या ठेकेदाराला मी फोन केला. तो अजिबात ओशाळला नाही.

"मॅडम, आम्ही सगळीकडे हेच सेटिंग करतो," तो म्हणाला. "नाहीतर पिक्चर अटकतं, मग कस्टमर बोंबलतो."

"हे हॉस्पिटल आहे."

"हो ना, म्हणून तर. सिक्युरिटी पण महत्त्वाची ना?"

भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. मी राउटरना कुणाच्याही खुणेवर विश्वास ठेवायचं बंद करायला लावलं. यंत्र स्वतःबद्दल काय म्हणतं ते सोडून द्यायचं, ते कुठल्या तारेतून येतंय ते बघायचं. फोनच्या तारेतून आलं तर फोन. मॉनिटरच्या तारेतून आलं तर मॉनिटर, आणि त्यांना स्वतःची वेगळी रांग, जिच्यात दुसरं कुणी शिरणार नाही. सरांना मी ते विचारून केलं नाही, करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. कॅमेरे बाकीच्यांच्या रांगेत गेले. वायफाय शेवटीच राहिलं, पण त्याला थोडी वाट मी राखून ठेवली, कितीही गर्दी झाली तरी बंद न होणारी.

मधेच थिएटरचं दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. पेसमेकर नीट बसला होता. मांडीवर लॅपटॉप आहे हे विसरून मी उभी राहायला गेले आणि तो घसरून पडता-पडता राहिला.

नव्या रांगा मी लगेच चालू केल्या नाहीत. बाबा घरी गेल्यावरही काही दिवस हात धजेना. सिस्टर रोज विचारायच्या, मी रोज काहीतरी सांगायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमची भीती मला कळते. पण मी रोज तोच फोन उचलतेय."

मग आम्ही ठरवलं. भेटीच्याच वेळी, सगळी गर्दी असताना करायचं, आणि त्या वेळी प्रत्येक खाटेपाशी एक माणूस उभं करायचं. सिस्टर, शिकाऊ मुली, वॉर्डबॉय, एका खाटेपाशी तर खुद्द सुपरिंटेंडंट सर हात मागे बांधून उभे होते. पडद्यासमोर मी एकटी. माझ्या कानाला वॉर्डाचा फोन होता. मी आज्ञा दिली आणि पडद्याकडे बघत राहिले. कॅमेऱ्यांसमोरून माणसं जात होती, स्कॅन निघत होते, रेघा चालत होत्या. फोनवर वॉर्डातला सगळा आवाज येत होता. कुणीतरी मोसंबी सोलत होतं, एक मूल रडत होतं.

"काय झालं?" सिस्टरांनी तिकडून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं दिसतंय."

"मग बोला ना काहीतरी. आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे आहोत."

त्यानंतर फोन तुटले नाहीत. केबल अजून तीच आहे. बाबा सकाळी घोडपदेवच्या मैदानाला दोन फेऱ्या मारतात आणि छातीवरचा उंचवटा सगळ्यांना हात लावून बघायला लावतात. ते बरे आहेत. मी मात्र राउटरवर साधी एक ओळ बदलायची असली तरी आधी वॉर्डात फोन करते, खाटांपाशी कोण आहे ते विचारते, आणि पलीकडून "आहे, करा" असं ऐकू येईपर्यंत कळफलकाला हात लावत नाही. नवीन आलेला सहकारी यावर हसतो. एकदा तो म्हणाला, इतकं काय घाबरता, फार तर फोन जाईल. मी फोन कानाला लावून थांबून राहिले.